कर्ण करणाऱ्याचा सोळावा

एळुमलैला घरी आणलं तेव्हा त्याच्या कानामागचा रंग तसाच होता.

रात्रभर वंदवासीकडच्या एका गावात कूत्तूच्या खेळात कर्णाचं सोंग करून तो पहाटे मोटरसायकलवर निघाला होता. एरवी खोबरेल तेलानं तोंड स्वच्छ पुसून, तासभर आडवं होऊन मगच तो निघायचा. त्या दिवशी बायकोनं, पूंगोदैनं, फोन केला, "कुयिलला ताप भरलाय, लवकर या." त्यानं तेलाचा एक हात तोंडावरून फिरवला आणि गाडीला लाथ मारली. आरणीच्या अलीकडे उसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी होती. ती त्याला दिसलीच नाही की त्याचा डोळा लागला होता, हे आता कोण सांगणार? कुयिलचा ताप नऊ वाजेपर्यंत उतरलासुद्धा. एळुमलै आला तो दिवस कलल्यावर, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला.

तोंडावर ओरखडाही नव्हता. ओसरीवर बाकावर ठेवलं होतं आणि बायका गळ्यात गळा घालून रडत होत्या. साडेचार वर्षांची कुयिल त्यांच्यामधून वाट काढत पुढे गेली. तिनं वाकून बापाच्या कानामागे पाहिलं, हनुवटीखाली पाहिलं. मग आईकडे वळून मोठ्या माणसाच्या समजूतदारपणानं म्हणाली, "रंग आहे अजून. म्हणजे कूत्तू संपलेला नाही."

बायकांचं रडणं तुटलं. पूंगोदैनं तोंड उघडलं. "नाही गं" एवढंच म्हणायचं होतं, पण ते दोन शब्द काही आले नाहीत. तेवढ्यात कुणीतरी पोरीला उचलून शेजारच्या घरी नेलं, आणि सांगायची वेळ गेली ती गेलीच.

पोरीचं तरी काय चुकलं? त्या तमिळ मुलखात घरातलं माणूस गेलं की सोळाव्या रात्री दारासमोर कर्णमोक्षाचा कूत्तू लावतात. कर्ण पडतो, कुंती रणात येऊन त्याला मांडीवर घेते, कधी नव्हे ती चारचौघांत त्याला आपला लेक म्हणते, आणि तिच्या तोंडून घरच्यांचं रडणं रडून होतं. मग गेलेला माणूस मोकळा होतो म्हणतात. एळुमलैसारखा कर्ण आसपासच्या दोन तालुक्यांत नव्हता. कुयिल तान्ही असल्यापासून आईच्या मांडीवर बसून ते पाहत आली होती. बाण लागायचा, अप्पा पडायचे, लोक रडायचे, आणि सकाळी अप्पा पडद्यामागून येऊन चहाच्या टपरीवर दोन वडे खायचे. पडलेले अप्पा उठतात, हे तिनं कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. तिनं ते तीस-चाळीस वेळा पाहिलं होतं.

म्हणून ती रडली नाही. पंधरा दिवसांत एकदाही नाही. दुपारी भात खाताना मध्येच म्हणायची, "यावेळी कूत्तूचं गाव लांब आहे वाटतं." पूंगोदै घास तसाच हातात धरून तिच्याकडे बघत राहायची. पोरगी कधी गप्प बसते, कधी हसते, रात्री झोपेत काय बोलते, सगळ्यावर तिचा डोळा होता. तिनं बी.ए. केलं होतं, लग्नाआधी दोन वर्षं बालवाडीत शिकवलं होतं. पण लेकीला "तुझा बाप मेला" हे कसं सांगायचं, ते कुठल्याच परीक्षेला नव्हतं.

बाराव्या दिवशी पेरुमाळ वाद्यार आले. मंडळीचे मालक तेच, गुरू तेच, पेटीवर बसणारेही तेच. एळुमलै वयाच्या दहाव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली वाढलेला. ते ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि बराच वेळ पंचानं मान पुसत राहिले.

"सोळाव्याला आपलीच मंडळी करील," ते म्हणाले. "सुपारी-बिपारीचं मनात आणू नका. ते आमचं देणं आहे."

"नको, वाद्यारय्या," पूंगोदै दारातून म्हणाली.

आत तांदूळ निवडणारी सासू, अंजलै, एकदम थांबली. "काय नको?"

"कूत्तू नको, अत्तै. बाकीचं सगळं करू. पिंड करू, जेवण घालू. कर्ण नको."

"ऐकलंत?" अंजलै सूप घेऊनच बाहेर आली. "ज्यानं दुनियेची माणसं वाटेला लावली, त्याला वाटेला लावायचं नाही म्हणते! शिकलेली आहे ना. फोन करून बोलवायला बरं येतं हिला, पाठवणी करायला नको."

फोनचं ती हे दुसऱ्यांदा बोलली. पहिल्यांदा बोलली होती ती अंत्ययात्रेच्या वेळी. पूंगोदैनं मान खाली घातली नाही की उत्तरही दिलं नाही. तिनं वाद्यारांकडेच पाहिलं. "माझी मुलगी अजून बापाची वाट बघतेय, अय्या. तिच्यासमोर तोच किरीट, तेच कपडे घालून कुणीतरी उभं राहणार. ती म्हणेल अप्पा आले. आणि सकाळी रंग उतरल्यावर? दुसऱ्यांदा बाप हिसकावून घेऊ तिचा?"

वाद्यारांनी पंचा खांद्यावर टाकला. म्हातारा माणूस, त्याला हे सुचलंच नव्हतं.

"पोरीला तुझ्या माहेरी पाठव की दोन दिवस. सेय्यारला," ते म्हणाले.

"पाठवेन म्हटलं होतं. पण उद्या तिला कळलं की कर्ण येऊन गेला, तर ती जन्मभर म्हणेल, अप्पा आले होते आणि अम्मानं मला लांब धाडलं."

"मग तू तरी सांग, काय करू?" वाद्यारांनी विचारलं. "कर्ण न करता कर्ण करणाऱ्याला घालवू? मंडळीतला एकही जण जेवणार नाही मग. आणि हेही आधी सांगतो, सुरू केलं की पुरं करावं लागतं. पडलेला कर्ण माणसांदेखत उठत नाही. कुंतीचं रडणं संपलं की चौघं त्याला चटईसकट उचलून पडद्यामागे नेतात, तिथे तो उठतो. लोकांसमोर उठला, तर ज्याच्या नावानं केलं तो अर्ध्या वाटेतून मागे फिरतो. माझ्या गुरूंच्या वेळेपासून हे कुणी मोडलेलं नाही."

अंजलैनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. ती रडायला लागली की आवाज करत नसे, नुसते खांदे हलत. पूंगोदैला नवऱ्याचे खांदे आठवले. ती पुढे "नको" म्हणू शकली नाही.

"कर्ण कोण करणार?" तिनं विचारलं.

"अरसू."

अरसू म्हणजे एळुमलैचा धाकटा भाऊ, कुयिलचा चित्तप्पा. आजवर तो अर्जुन करत आला होता.

तो तिला मागच्या अंगणात सापडला, चिंचेखाली घुंगरांचे पट्टे दुरुस्त करत. वहिनीला पाहून उठून उभा राहिला.

"अण्णी, मला जमणार नाही," तिनं काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "सात वर्षं दर वेळी मीच अण्णाला मारत आलो. बाण सोडला की तो पडता पडता माझ्याकडे बघून डोळा मारायचा. लोकांना वाटायचं, काय रडतोय अर्जुन! मी हसू दाबत असायचो." त्यानं पट्टा खाली टाकला. "आता मी तिथे पडायचं म्हणजे…"

"तुला जमेल. पण माझं एक काम कर, अरसू. तू रंगायला बसशील तेव्हा कुयिलला तुझ्यासमोर बसू दे."

"रंगपटात? बाई आणि पोरं रंगपटात येत नाहीत, अण्णी. वाद्यारय्या काठी घेऊन उठतील."

"त्यांना मी सांगते. तिनं बघायला पाहिजे. हा चित्तप्पा, याच्या गालावर हा रंग लागला, ही मिशी चिकटली, आणि कर्ण झाला. म्हणजे तिला कळेल, हे अप्पा नव्हेत. कपड्यात अप्पा नसतात."

बालवाडीत ती असंच शिकवायची. आधी दाखवायचं, मग सांगायचं. तिला वाटलं, हे बरोबर सुचलं.

वाद्यारांनी काठी उचलली नाही. ते फक्त म्हणाले, "किरीट बांधायच्या आत पोर बाहेर पाहिजे. किरीट बांधलेल्या माणसाला आम्ही नावानंही हाक मारत नाही."

सोळाव्या दिवशी संध्याकाळी मंडळीची मोठी पत्र्याची पेटी आली. शेजारच्या गोठ्यातल्या गाई हलवून तिथे रंगपट केला होता. विजेचा एक दिवा, भिंतीला टेकवलेले हात-हातभर आरसे, आणि खोबरेल तेलाचा वास. गंगैयन, साठी उलटलेला, पुढचे तीन दात नसलेला, तो कुंती करायचा. अर्धी साडी नेसून, अर्धी कमरेला खोचून तो विडी ओढत बसला होता.

कुयिलला पाहून त्यानं विडी पाठीमागे लपवली. "या या, पाट्टी, आजीबाई! तपासणी आहे वाटतं?"

"कुंती विडी ओढत नाही," कुयिल म्हणाली.

"कर्णाला पेटीत घालून नदीत सोडला ना, तेव्हापासून लागली बघ सवय. काळजीनं."

सगळे हसले. पंधरा दिवसांत पूंगोदै पहिल्यांदा हसू आवरत होती. तिनं लेकीला मांडीवर घेतलं आणि अरसूसमोर बसली.

अरसूनं तळहातावर तेल घेऊन त्यात गुलाबी भुकटी कालवली. कपाळावर लावली, गालांवर ओढली. "बघ, कुयिल," पूंगोदै मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "चित्तप्पा रंग लावतोय. कोण लावतोय?"

"चित्तप्पा."

"नाक कुणाचं?"

"चित्तप्पाचं. चपटं."

"आता भुवया काढतोय. कोण?"

"चित्तप्पा. पण अम्मा, अप्पांच्या भुवया इथपर्यंत जातात," कुयिलनं आपल्या कानशिलाला बोट लावलं. अरसूनं आरशातून तिच्याकडे बघत भुवई तिथवर ओढली. मग मिशी आली, गालांवर पांढरे ठिपके आले. कुयिल एकेक चूक काढत गेली. टिळा लहान झाला. ओठ जास्त लाल झाले. अरसू पुसायचा आणि तिच्या म्हणण्याबरहुकूम पुन्हा काढायचा. पूंगोदै विचारत राहिली, हे कोण, हा कोण. आणि पोरगी दर वेळी न चुकता "चित्तप्पा" म्हणत राहिली. पूंगोदैच्या छातीवरचा दगड जरासा हलला.

खांद्यांवरच्या भुजकीर्ती बांधून झाल्या. वाद्यार आरशांच्या तुकड्यांनी मढवलेला किरीट दोन्ही हातांत धरून आले. "पोरी, आता हिला बाहेर ने."

पूंगोदै उठली, आणि त्याच वेळी दारातून कुणीतरी हाक मारली म्हणून वाद्यार वळले. किरीट त्यांनी अरसूच्या डोक्यावर ठेवून दिला. बांधला नव्हता, नुसता ठेवला होता. अरसूनं तो सावरायला मान वर केली.

कुयिल आईच्या कडेवर ताठ झाली. मग तिनं पूंगोदैचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं. डोळे असे लखलखत होते, की पूंगोदैला ते बघवेनात.

"अम्मा! अप्पा असे होतात?"

"नाही राणी, तो चित्तप्पाच…"

"चित्तप्पाचे होतात! मी बघितलं. आधी चित्तप्पा, मग रंग, मग अप्पा." ती आनंदानं पाय झाडू लागली. "मग रोज करू या ना! चित्तप्पा, रोज करशील?"

अरसूनं आरशाकडे तोंड फिरवलं. गंगैयन साडीच्या निऱ्या चाचपत उगाच खाली बघत बसला. पूंगोदै पोरीला घेऊन बाहेर आली. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्या शहाणपणानं आपण काय करून बसलो, ते तिला कळलं होतं, आणि आता काही करायला वेळ उरला नव्हता. रस्त्यावर सनईसारखी मुखवीणा वाजू लागली होती.

घरासमोर रस्ता अडवून चटया टाकल्या होत्या. सगळं गाव आलं होतं. बायका डावीकडे, बाप्ये उजवीकडे, अंजलै अगदी पुढे, पाय पसरून, शेजारी घडी केलेलं कोरं वस्त्र. ते कर्ण पडल्यावर घरच्यांनी त्याच्यावर घालायचं असतं. पूंगोदै तिच्यामागे बसली. कुयिल मांडीवर, पण झोपेचं नाव नाही.

पडदा धरला गेला, पडद्यावर किरीटाचं टोक दिसलं, आणि कर्ण प्रवेश करता झाला. लोकांतून एक सुस्कारा उठला. चाल अरसूची होती, थोडी आखडलेली, पण गिरकी घेताना डावा खांदा आधी टाकायची लकब एळुमलैची होती. ती त्यानं सात वर्षं समोरून बघितली होती. कुणीतरी म्हातारी "अय्यो, माझ्या राजा" म्हणाली. कुयिल आईच्या कानात म्हणाली, "सगळ्यांना माहिती आहे. अप्पा आलेत."

रात्र चढत गेली. शल्यानं टोमणे मारले, सोंगाड्यानं गावच्या सरपंचाची नक्कल केली, दोघंतिघं हसलेही. मग रथाचं चाक जमिनीत रुतलं. नवीन अर्जुनानं बाण सोडला. कर्ण पडला, पण प्राण जाईना. दानाचं पुण्य त्याला जाऊ देत नव्हतं. कृष्ण म्हाताऱ्या ब्राह्मणाचं सोंग घेऊन आला, त्यानं तेही मागितलं, आणि कर्णानं रक्ताचं पाणी सोडून तेही देऊन टाकलं. अरसू चटईवर आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले.

पडद्यामागून गंगैयन आला. केस मोकळे, छाती पिटत. संध्याकाळी विडी ओढणारा म्हातारा कुठेच उरला नव्हता. मागच्या रांगेतून कुणी टारगट ओरडला, "पाट्टी, दात कुठे ठेवून आलात?" गंगैयननं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं कर्णाचं डोकं मांडीवर घेतलं आणि सूर लावला.

"पेटीत ठेवून सोडलं तेव्हा रडले नाही रे, लोक ऐकतील म्हणून. रथावर बसलेला बघितला, तेव्हा हाक मारली नाही, लोक ऐकतील म्हणून. आज ऐका लोकहो, हा माझा! हा माझा पहिला! दूध दाटून आलंय आणि प्यायला तोंड उघडत नाही…"

अंजलै हंबरली. तिच्याबरोबर सगळ्या बायकांचा बांध फुटला. पूंगोदैचेही डोळे वाहू लागले. सोळा दिवसांत ती अशी रडली नव्हती, कारण तिचा एक डोळा कायम पोरीवर असे. आता क्षणभर तो सुटला.

"अम्मा," कुयिल म्हणाली, "बोट हलत नाही."

"काय?"

"पायाचं बोट. अप्पा पडले की अंगठा हलवतात. मलाच दिसेल असा. आमचं गुपित आहे." ती मांडीवरून उठून उभी राहिली होती. "आता हलवत नाहीत."

पूंगोदैला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं पोरगी मांडीवर बसून नुसती टक लावून का बघते, घाबरत कशी नाही, याचं तिला नवल वाटायचं. बाप मेलेला असताना लेकीशी बोलत होता.

"तेव्हाही हलवलं नव्हतं," कुयिलचा आवाज बारीक झाला. "घरी आणलं तेव्हा. तुम्ही बोटं बांधून ठेवली होती ना, दोरीनं. म्हणून त्यांना हलवता आलं नाही."

आणि पूंगोदैनं हात पुढे करायच्या आत ती पळाली. पाट्टीच्या पायांवरून उडी मारून ती चटईपाशी गेली आणि कर्णाच्या पायांशी बसून घुंगरांच्या पट्ट्याच्या गाठी ओढू लागली. मृदंग थबकला. गंगैयन गात राहिला, पण नजर पोरीकडे लागली. अरसू हलला नाही. त्यानं हलायचं नव्हतं. नियम होता, आणि भावाचा जीव त्या नियमावर टांगलेला होता.

एक गाठ सुटली. कुयिलनं पट्टा काढून टाकला, पाय दोन्ही हातांत धरला आणि वाट पाहिली. मग दुसरा पाय. मग ती वर सरकली आणि त्याच्या खांद्याला हलवू लागली. "सोडलं! आता हलवा! अप्पा!" काही झालं नाही. तिनं त्याच्या तोंडाशी तोंड नेलं, आणि कुठेतरी तिला तो चपट्या नाकाचा माणूस दिसला असावा. "चित्तप्पा? चित्तप्पा, ऊठ! अम्मा, चित्तप्पापण उठत नाही!"

ती किंकाळी वेगळी होती. ती ऐकून मुखवीणाही बंद पडली.

पूंगोदै उभी राहिली. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. वाद्यार पेटीवरून हात उचलून मान हलवत होते, नको, नको. समोर सासू वळून तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीक होती. आणखी थोडंच, एवढं रडणं संपू दे, मग माझा लेक मोकळा. पूंगोदैलाही तेच हवं होतं. शिकलेली असली, तरी रात्री एकटी असताना तिलाही वाटायचं, कुठेतरी रस्त्यात उभे असतील ते, तोंडाला रंग लागलेला.

"अरसू," ती म्हणाली. किरीट बांधलेल्या माणसाला तिनं नावानं हाक मारली. "ऊठ. पोर घाबरलीय."

अरसूनं डोळे उघडले. रंगातून पाणी वाहून कानांत गेलं होतं. तो सगळ्यांदेखत उठून बसला, किरीट काढून बाजूला ठेवला आणि कुयिलला छातीशी घट्ट धरलं. "मी आहे गं. मी अरसू. मला काही झालं नाही."

कुयिल त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. केस अरसूचे होते. आवाज अरसूचा होता.

"मग अप्पा?" तिनं त्याला नाही, आईला विचारलं.

पूंगोदै चटईपाशी येऊन गुडघ्यांवर बसली होती. "अप्पा उठणार नाहीत, कुयिल."

"बोटं सोडली तरी?"

"सोडली तरी."

"रंग पुसला तरी?"

"तरी. अप्पा मेले. कूत्तूत नाही, खरंच मेले."

"अर्ध्या वाटेत!" अंजलैनं कपाळ बडवून घेतलं. "अर्ध्या वाटेत अडकवलंस गं माझ्या पोराला! एका पोरीसाठी दुसऱ्या आईचा…" पुढे तिला बोलवेना. तिला धरायला धावलेल्या बायकाही पूंगोदैकडे बघत नव्हत्या. बाप्ये उठून उभे राहू लागले. कूत्तू मोडला होता; अशा जागी बसू नये.

गंगैयन मात्र उठला नाही. त्याची मांडी रिकामी झाली होती, चटई रिकामी होती, चटईवर माणसाच्या आकाराचा घामाचा ओला डाग होता. त्यानं वाद्यारांकडे पाहिलं. वाद्यारांनी काहीच खूण केली नाही. पुढे काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. गंगैयननं मग हात उचलला, जिथे मघाशी कर्णाचं कपाळ होतं तिथे हवेत ठेवला, आणि तुटलेल्या ओळीपासून पुन्हा सूर लावला.

"कुठे गेलास रे, मांडीवरून कुठे गेलास? आता म्हणे तू पुन्हा कुणाला दिसायचा नाहीस…"

ही ओळ कुणी ऐकलेली नव्हती. पेटी थोडी मागे राहिली, मग तिनं सूर धरला. उठलेले लोक जिथल्या तिथे थांबले. म्हातारा रिकाम्या मांडीकडे बघून रडत होता, आणि ते सोंग आहे की काय आहे ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. एळुमलै दहा वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा रंग लावायला शिकवणारा तोच होता.

बऱ्याच वेळानं अंजलै उठली. कुणाचा हात न धरता चटईपर्यंत आली. घडी केलेलं कोरं वस्त्र तिनं उलगडलं आणि रिकाम्या चटईवर पसरलं, डोक्याकडून पायांकडे, सुरकुती काढत. पूंगोदैच्या अगदी शेजारी ती वाकली होती, पण तिनं सुनेकडे पाहिलं नाही.

"गेला का हो तो?" तिनं वाद्यारांना विचारलं. "पोचला का?"

चौघं पुढे आले, त्यांनी चारी कोपरे धरून चटई उचलली. आत काही नव्हतं, तरी त्यांनी ती सांभाळून, पावलाला पाऊल जुळवत, पडद्यामागे नेली.

कुयिल ती जाईपर्यंत बघत होती. मग तिनं पूंगोदैच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि रडायला लागली. पडलं-लागलं तर रडते तशी नाही. श्वास अडकून, मध्ये थांबून, पुन्हा पहिल्यापासून. पूंगोदैनं तिला गप्प केलं नाही. पाठीवर हात ठेवून ती तशीच बसून राहिली, आणि पडद्यामागे कुणी उठतंय का, याकडे तिनं कान दिला नाही.